डाव्या कोपऱ्याकडचा पास

"फरशीनं घात केला आपला." जीप कारंजा गावाच्या बाहेर पडते न पडते तोच फुलसिंगकाकांनी निकाल देऊन टाकला. "लाकडाची चिकनी फरशी. आपल्या पोट्ट्या शिमिटावर खेळनाऱ्या. पाय ठरन कुठी?"

"फरशी दोघाइलेही सारकीच होती ना काका," मागच्या फळीवर अर्धा बसलेला, अर्धा लटकलेला गोविंदा म्हणाला. "त्या काय हवेत खेळत होत्या?"

"त्याइच्या सवयीची होती ते. तुही सासुरवाडी अन् तुहं घर सारकंच असते काय बे?"

जीप हसली. हसण्यासारखं खरं तर काही उरलं नव्हतं. शेलूबाजारच्या मुलींचा बास्केटबॉलचा संघ अंतिम सामना एका गुणानं हरून परत निघाला होता. सामना संपत आलेला, बॉल कप्तान सपनाच्या हातात, समोर रिंगखाली अख्खं अंगण मोकळं. दोन पावलं टाकायची आणि बॉल वर सोडायचा, एवढंच काम होतं. सपनानं तो न पाहता, मागच्या मागे, डाव्या कोपऱ्याकडे फेकला. डाव्या कोपऱ्यात कोणीही नव्हतं. बॉल रेषेबाहेर जाऊन भिंतीवर आपटला आणि त्या आवाजातच शिट्टी वाजली.

तेव्हापासून ही मंडळी कारण शोधत होती.

निता मधल्या बाकड्यावर खिडकीशी बसली होती. गाडी गच्च भरलेली. गोविंदा बाहेर लोंबकळत होता, एकाच्या मांडीवर दुसऱ्याची पिशवी होती, आणि निताच्या शेजारी मात्र एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती. जीपमध्ये अशी जागा मोकळी राहणं हे वाशीम जिल्ह्यात घडत नाही. पण निताच्या बाबतीत पावसाळ्यापासून तसंच चाललं होतं. कोणी ठरवलं नव्हतं. लोक यायचे, तिच्याकडे पाहायचे आणि दुसरीकडे कोंबून घ्यायचे.

ती जागा दीपाची होती. धम्मदीपा, निताची पोरगी. गाडीत ती कायम ऐसपैस बसायची. "सरक ना वं, दुसऱ्याले बसू दे," असं तीनदा म्हणावं तेव्हा बाईसाहेब बोटभर सरकायच्या आणि वर आईकडे अशा पाहायच्या की जणू अर्धं शेत दान केलं.

मागच्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि तो तिला घेऊनच उतरला.

"फरशी नाही, जेवन," सपनाची आजी केशरबाई पुढच्या बाकड्यावरून म्हणाल्या. "मीच हरवलं पोरीइले. सकाळी रोडगे केले अन् वांग्याची भाजी. सपनाले म्हनलं, खाय माय, दिवसभर पुरन. रोडगा पोटात असल्यावर मानूस झोपते, खेळते थोडी?"

"आजी, रोडगे तं मीबी खाल्ले."

"तू कुठी खेळला? तू तं नुसता बोंबलला."

"मंग माह्या वेल्डिंगचीच चूक धरा," गोविंदा म्हणाला. "आपली रिंग बोटभर खाली असन. पोरीइचा अंदाज तिथंच बिघडला."

निताला नवल वाटलं. हरल्यावर लोक दुसऱ्याच्या अंगावर चूक ढकलतात. इथं जो तो स्वतःच्या अंगावर ओढून घेत होता. पण ती काही बोलली नाही. एक तर तिचा घसा बसला होता. हॉलमध्ये धूळ असेल. सामना संपल्यापासून जो तो तिला पाणी देत होता, केशरबाईंनी पदराच्या गाठीतली खडीसाखर काढून तिच्या हातावर ठेवली होती. आणि दुसरं असं, की तिला हरण्याचं कारण नकोच होतं. तिला सपनाला फक्त एक गोष्ट विचारायची होती.

कारण बॉल सुटायच्या आधी तिनं दीपाला पाहिलं होतं.

डाव्या कोपऱ्यात, रेषेला टाच लावून. एक हात वर, दुसऱ्या हाताचा घाम जर्सीला पुसत. ती जर्सी निताच्याच मशीनवर शिवलेली, नंबर थोडा तिरका लागलेला. दीपा त्यावरून तिला शेवटपर्यंत चिडवत होती.

निताच्या घरात भूत-प्रेत मानत नाहीत. सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यासोबत तेही उंबऱ्याबाहेर काढलं होतं. दीपा गेली तेव्हा वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, कावळ्याला कोणी हाक मारली नाही. निताला ते सगळं पटलेलंच होतं. फक्त दुपारी ब्लाउज शिवताना ती मशीन थांबवायची, तेव्हा पायाखालचा टपटप आवाज लगेच थांबायचा नाही. अंगणात तो आणखी थोडा वेळ चालू राहायचा, बॉलचे टप्पे पडावेत तसा. मग थांबायचा. न मानणाऱ्यांच्या घरी कोणी आलंच तर त्यानं बसायचं तरी कुठं, असं निताच्या मनात यायचं, आणि ती पुन्हा मशीन चालू करायची.

आज मात्र बॉल त्या कोपऱ्याकडे गेला होता. म्हणजे सपनालाही ती दिसली असणार. आणि दोघींना दिसली असेल तर तो काही एका आईच्या डोळ्यांचा खेळ नव्हता. खिडकीतून मागे जाणाऱ्या तुरीकडे पाहत निता एवढीच एक गोष्ट घट्ट धरून बसली होती.

"पन मी म्हंतो," मागून कोणीतरी बोललं, "त्या नव्या पोट्टीनं, सुकेशनीनं, कोपऱ्यात उभं राहाले पाहिजे होतं. जागा तिची होती न? दोन पावलं अलीकडं काहून उभी होती?"

जीपमध्ये एकदम इंजिनाचा आवाज मोठा झाला. दीपाच्या जागी आलेली सुकेशनी त्या कोपऱ्यात कधीच पूर्ण जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सराव सुरू करताना मुली पहिला बॉल त्या कोपऱ्याकडे सोडायच्या, तो आपोआप थांबेपर्यंत उभ्या राहायच्या आणि मग खेळायच्या. अशा जागेवर पाय कोण देणार?

"फरशी," फुलसिंगकाका मोठ्यांदा म्हणाले. "मी सांगून राह्यलो न. फरशी."

शेलूबाजारच्या अलीकडे रस्त्यावरच्या हॉटेलपाशी मुलींचा टेम्पो थांबलेला दिसला तशी जीपही थांबली. मुलींना नाश्ता मिळत होता. रवी सर, ज्यांनी स्वतः कॉलेजात खेळून मग शेलूबाजारात रिंग उभी केली, ते भजी मोजत असल्यासारखे ताटलीकडे पाहत होते. सपना बाजूला पाण्याच्या टाकीशी एकटीच उभी होती. नळ चालू होता आणि ती हात धूत होती. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

निता तिच्याजवळ गेली. नळ बंद केला.

"सपना, एक विचारू? खरं सांगशीन?"

सपनानं मान हलवली.

"तुले दिसली काय वं ते?"

"कोन मावशी?"

"कोन म्हनून काय विचारतं?"

सपनानं वर पाहिलं. निताचा जीव सगळा कानात आला.

"नाही मावशी," सपना म्हणाली. "मले नाई दिसली. मी तिकडं पायलंच नाही."

"मंग बॉल काहून फेकला तिकडं?"

"जाऊ द्या न मावशी."

"सांग."

"सरांनी सांगतलं, कोनी बोलाचं नाही म्हनून."

"मी विचारून राह्यली न तुले."

सपनानं ओले हात तोंडाला लावले आणि त्यांच्या आडून म्हणाली, "तुमी वरडल्या. 'दीपाले दे' म्हनल्या. म्या देल्ला."

इतकंच. जेवताना मीठ दे म्हणावं आणि समोरच्यानं द्यावं, तसं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. शेलूबाजारच्या पोरी बास्केटबॉल शिकल्या ते कोर्ट म्हणजे शाळेमागचं सिमेंटचं मैदान. हळद निघाली की त्याच्या कडेनं उकडलेली हळद वाळत पडायची आणि ती परतायला बाया बसलेल्या असायच्या. बाया बसल्या म्हणजे बोलणार. आधी त्या हसायच्या, मग पाहायला लागल्या, मग ओरडायला. "सपनाले दे!" "मांगं पाय मांगं!" रवी सरांचा आवाज मुळात बारीक, तो हळदीपलीकडे जायचाच नाही. पोरी बायांचं ऐकून खेळायला शिकल्या. त्यातही निताचं. मुलगी कुठं उभी आहे हे निताला न पाहता कळायचं, आणि दीपाचा नेम कोपऱ्यातून चुकायचा नाही. "दीपाले दे!" असा आवाज आला की सपना मान न वळवता बॉल फेकायची आणि बॉल दीपाच्या हातात असायचा. बाहेरच्या गावी पंच चिडायचे, समोरचे पालक हसायचे, यांचा कोच म्हणे प्रेक्षकांत बसतो. हसू देत. त्या जिंकायच्या.

दीपा गेल्यावर निता प्रत्येक सामन्याला आली, पण तोंडात पदर धरून बसली. पावसाळ्यापासून सामन्यात तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. आजपर्यंत.

"मी?" निता म्हणाली. तिचा आवाज घोगरा, फाटका निघाला. तो ऐकून तिचं तिलाच कळलं. धूळ कसली? हॉलमध्ये धूळ नव्हती.

"आवाज आला तसा हात गेला मावशी," सपना रडत होती. "मंग पायलं तं कोनीच नवतं."

सामना गेला त्याचं दुःख करायलाही निताला उसंत नव्हती. दीपा सपनाला दिसली नव्हती. कोणालाच दिसली नव्हती. बॉल दीपाकडे गेला नव्हता, निताच्या आवाजाकडे गेला होता. दुपारभर घट्ट धरलेली गोष्ट हातातून गेली, आणि ती पोरगी पुन्हा एकदा, या वेळी हॉटेलच्या टाकीपाशी, नाहीशी झाली.

तिनं पदरानं सपनाचं तोंड पुसलं आणि ती जीपकडे आली. मंडळी चढली होती. तिची जागा आणि शेजारची जागा, दोन्ही तशाच मोकळ्या.

"मी वरडली होती," निता बसता बसता म्हणाली.

गोविंदा मागच्या फळीवर चढता चढता तसाच थांबला.

"तुमी समद्याइनं ऐकलं. अन् मघापासून रोडगे काय, फरशी काय..."

"कोन म्हंते?" फुलसिंगकाका उसळले. "कोनी वरडलं नाही. अन् वरडलं असन तरी इतल्या कल्ल्यात कोनाले ऐकू येते? मी तुह्या मांगंच बसून होतो. मले नाही आलं ऐकू."

"काका, तुमाले तसंबी ऐकू येत नाही," गोविंदा हळूच म्हणाला.

"तू गप राह्य बे. फरशी होती. चिकनी."

"अन् रोडगे," केशरबाई म्हणाल्या. त्याही हटल्या नाहीत. "तूप जास्त झालं होतं माय."

निता हसली आणि रडली, दोन्ही एकदम. अख्ख्या जीपनं खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. तुरीत एवढं पाहण्यासारखं काय होतं कोण जाणे.

त्यानंतर निता मैदानावर गेली नाही. संध्याकाळी पोरींचा आवाज यायला लागला की ती मशीनवर बसायची आणि पाय थांबू द्यायची नाही. मशीन थांबलं तर अंगणात काय ऐकू येईल याची तिला आधी ओढ होती, आता भीती. जे होतं ते आपल्याच घशातून निघतं, हे एकदा कळल्यावर घरातल्या शांततेवर भरवसा कसा ठेवायचा? नवरा, अमरदीप, पुण्याहून फोन करायचा. "बरी हायेस न?" "बरी हाये." फोन ठेवल्यावर वाटायचं, हे तरी मीच बोलले का?

हळद निघाली. एका दुपारी केशरबाई आल्या आणि दारातच बसल्या. हातापायांना पिवळं लागलेलं.

"सपना बॉल हाती घेत नाही," त्या म्हणाल्या. "सर घरी येऊन गेले. काही सांगत नाही पोट्टी. परवा झोपेत म्हने, आजी, आवाज येईन. मी म्हनलं कोनाचा? तं म्हंते, आला तं मी कोनाकडं फेकू?"

निताचं मशीन थांबलं. अंगणात टप्पे पडत राहिले, थोडा वेळ. केशरबाईंनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही. बहुधा त्यांना काही ऐकू आलंच नव्हतं.

"उद्या बाजूच्या मालेगावच्या पोरी येऊन राह्यल्या खेळाले," केशरबाई म्हणाल्या. "सपनाले मी आनते धरून. तू येशीन काय?"

म्हणजे भूत दीपाचं नव्हतंच. बिचारी दीपा. भूत निताच्या आवाजाचं होतं, आणि ते जिवंत पोरीच्या मानगुटीवर बसलं होतं. आपण मैदानावर गेलो तर दीपाचा कोपरा सोडून द्यावा लागणार, हे निताला बसल्या जागी कळलं. ती त्या कोपऱ्यासाठीच तर पावसाळ्यापासून जगत आली होती. न जाण्याची सोय मात्र केशरबाई दारात बसून मोडत होत्या.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेनं हळद पसरली होती आणि उन्हानं तिचा वास उठला होता. निता सतरंजी घेऊन बायांच्या शेवटी बसली. शेजारी जागा मोकळी राहिली. मुलींनी रिवाजाप्रमाणे पहिला बॉल डाव्या कोपऱ्याकडे सोडला. तो घरंगळत गेला, हळदीला टेकून थांबला. सगळ्या उभ्या राहिल्या. सपनानं एकदाच निताकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सामना सुरू झाला. सपना खेळत होती, पण बॉल हातात आला की चटका बसल्यासारखा सोडून देत होती. आणि सुकेशनी तिथंच, कोपऱ्याच्या दोन पावलं अलीकडे, अदृश्य शिवण घातल्यासारखी अडून उभी. मालेगावच्या पोरींना हे लवकर कळलं. ती बाजू त्यांनी मोकळीच सोडून दिली.

निताला कोपऱ्यात दीपा दिसत होती. टाच रेषेला, एक हात वर. निताला आता माहीत होतं की हे आपल्याच डोळ्यांचं काम आहे. माहीत असल्यानं ती काही पुसट झाली नाही. उलट जर्सीचा तिरका नंबरसुद्धा वाचता येत होता.

बॉल सपनाकडे आला. तिघी तिच्या अंगावर धावल्या. सपना थांबली. ऐकत होती. पोरीच्या खांद्यावरून, मानेवरून दिसत होतं की ती ऐकते आहे.

निता उठून उभी राहिली. घशात एकच नाव होतं, तयार, रोजचं. ते तिनं गिळलं. गिळताना दुखलं.

"सुकेशनी!" ती ओरडली. "कोपऱ्यात सरक!"

मैदान दचकलं. सुकेशनी तिच्याकडे पाहत राहिली.

"सरक म्हनते न वं! आनखी. आनखी. टाच लाव रेषेले."

सुकेशनीनं एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. तिनं खाली पाहिलं, कोणाच्या पायावर पाय तर पडत नाही ना, असं. आणि निताला दिसलं की दीपानं आईकडे पाहिलं, तेच ते, अर्धं शेत दान केल्यासारखं, आणि ती बोटभर सरकली.

"सपना! सुकेशनीले दे!"

सपनानं मान वळवली नाही. बॉल गेला आणि सुकेशनीच्या हातात बसला. तिनं वर टाकला. बॉल रिंगवर आपटला, रिंगभोवती फिरला, सगळ्या बाया हळदीचे हात वर करून उभ्या राहिल्या, आणि बॉल बाहेर पडला.

सामना त्या दिवशीही गेला. पण त्यानंतर सपना दर वेळी निताकडे कान देऊन खेळली, आणि निताचा घसा संध्याकाळपर्यंत पुन्हा बसला. या वेळी का बसला ते तिला माहीत होतं.

मालेगावच्या पोरी गेल्यावर मंडळी कडेला जमली.

"हळदीनं घात केला," फुलसिंगकाकांनी सुरुवात केली. "हाताले हळद लागली की बॉल सटकते."

"काका, हळद तं आपलीच हाये."

"म्हनूनच. घरच्यानंच घात होते."

"तसं काही नाही," निता घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि सगळे तिच्याकडे वळले, कारण या वादात ती पहिल्यांदाच बोलत होती. "सुकेशनीचं कोपर बाहेर जाते. कोपर आत घेतलं न, तं जाईन बॉल. दीपाचंबी सुरवातीले जायचं."

ते नाव असं, उन्हात, कोपराच्या गोष्टीत निघालं. कोणी खिडकीबाहेर पाहिलं नाही. पाहायला खिडकी नव्हती. गोविंदानं स्वतःचं कोपर आत-बाहेर करून पाहिलं. फुलसिंगकाका विचार करून म्हणाले, "कोपर... असू शकते. पन हळदबी."

केशरबाई बसायला जागा शोधत होत्या. निता बाजूला सरकली आणि सतरंजीवर हात थोपटून म्हणाली, "इकडं बसा, आजी."

केशरबाई क्षणभर अडल्या. मग लुगडं सावरून बसल्या. दोघींच्या मध्ये बोटभर जागा राहिली. तेवढी दोघींनीही राहू दिली.